मिरवणुकीला निघालेल्या पोरांचे कान

आमच्या बाबांना 'स' ऐकू येत नाही. 'साखर' म्हटलं की त्यांच्यापर्यंत 'आखर' पोचतं, आणि फोनवर नातीचं बोलणं तर नुसतं गुणगुणल्यासारखं वाटतं. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी पुढच्या सोप्यात चार माग होते. धोट्याची खटाखट सकाळी सुरू व्हायची ती रात्रीच्या जेवणापर्यंत. बाबा त्या आवाजात ३६ वर्षं उभे राहिले. "सवय झालीय की," असं म्हणायचे. फार उशिरा कळलं, की कानाला आवाजाची सवय होतच नाही. कान कमी होत जातो आणि माणसाला वाटतं सवय झाली.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भाचीमुळं. तेव्हा ती ७ वर्षांची होती. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत गल्लीच्या लेझीम पथकात होती. नऊवारी, अंबाडा, कानात कुड्या. पुढं एका मंडळाचा डॉल्बी (डीजेच्या भिंतीला आपल्याकडं सरसकट डॉल्बीच म्हणतात), मागं ढोलताशा, आणि मधोमध ही पोरं, तीन तास. घरी येऊन उशीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "मावशी, कानात शिट्टी वाजालीय. बंदच होईना." सकाळपर्यंत ती शिट्टी थांबली. मी मात्र रात्रभर जागी होते.

त्यानंतर कानाच्या डॉक्टरांना विचारलं, पुष्कळ वाचलं, आणि दोन चुकीच्या वस्तू विकत आणल्यावर तिसरी बरोबर मिळाली. आपल्याकडं गणपती, शिवजयंती, गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा, लग्नाच्या वराती आणि दिवाळी असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. म्हणून जे समजलं ते नीट सांगते.

शिट्टी वाजते तेव्हा आत काय झालेलं असतं

कानाच्या आत, हाडात दडलेला एक छोटा शंख असतो. त्यात पाणी, आणि त्या पाण्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी. एका कानात साधारण १५ ते १६ हजार. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच; माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाज आला की पाणी हलतं, तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. खानापूरकडचं भात ज्यांनी पाहिलंय त्यांच्या लगेच ध्यानात येईल. वारं सुटलं की पीक वाकतं, थांबलं की उभं राहतं. वादळ आलं तर आडवं पडतं, आणि त्यातलं काही दोन दिवसांत सावरतं. पण परत परत आडवं पडलेलं पीक काही उठत नाही. भाचीच्या कानातली शिट्टी म्हणजे आडवं पडलेलं पीक होतं. शिट्टी थांबली म्हणजे सगळं जागेवर आलं, असंही धरता येत नाही. ऐकण्याच्या चाचणीत सगळं ठीक दिसूनसुद्धा या पेशी आणि नस यांच्यामधले सांधे तुटलेले राहू शकतात, हे प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसून आलंय.

मोठ्या आवाजाचा मार आधी उंच पट्टी पकडणाऱ्या पेशींना बसतो. 'स', 'श', 'फ', 'थ' या अक्षरांचा जीव त्याच पट्टीत असतो. बाबांचा 'स' असाच गेला. पण बाबांना शब्द आधीपासून ठाऊक आहेत, गाळलेली जागा ते अंदाजानं भरतात. पहिलीतल्या पोराला 'सात' आणि 'हात' हा फरक अजून शिकायचा असतो. त्यात आपल्या भागातलं पोर घरी मराठी, शाळेत आणि बाजारात कन्नड, वर इंग्रजी, असे तीन भाषांचे आवाज एकाच वेळी गोळा करत असतं. त्याला एकेक अक्षर स्वच्छ ऐकू यायला हवं. तान्ह्या बाळाचं तर आणखी अवघड. त्याच्या कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळं उंच पट्टीचा आवाज पडद्यापाशी मोठ्या माणसापेक्षा जास्त दाबानं पोचतो. आणि त्याला उठून लांबही जाता येत नाही.

डेसिबलचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबल आपल्या नेहमीच्या बेरजेनं चालत नाहीत. ३ वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते, १० वाढले की दहापट. ८० आणि १०० यांत कागदावर २० चा फरक, पण ताकद शंभरपट.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये मोबाइल-हेडफोनवर ऐकण्यासाठी मर्यादा आखून दिल्या. मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास. ही मर्यादा हेडफोनची असली तरी आवाज हेडफोनमधून आला की मिरवणुकीतून, कानातल्या पेशींना त्याचं काही नसतं. म्हणून मी हाच हिशेब मिरवणुकीला लावते. ८५ डेसिबलला मुलाचा आठवड्याचा वाटा ४ तासांत संपतो. ९५ ला २४ मिनिटांत. १०० ला साडेसात मिनिटांत. डॉल्बीजवळ किंवा ताशाजवळ आवाज १०० च्या पुढं सहज जातो. आमची भाची तिथं तीन तास होती.

आवाज मोजायला मोबाइलवर ॲप मिळतात, पण फोनचा माइक मोठ्या आवाजात गोंधळतो. तो आकडा ढोबळच समजा. त्याहून सोपी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर ८५ ओलांडलेत.

आधी अंतर, मग वस्तू

कानावर काय घालायचं हे ठरवण्याआधी पोराला उभं कुठं करायचं ते ठरवा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. गावातल्या जुन्या गल्ल्यांत तेवढे होत नाहीत, कारण दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात. तिथं कोपरा वळून आडव्या बोळात जाणं जास्त उपयोगाचं. खांद्यावर बसवलेलं पोर नेमकं स्पीकरच्या उंचीला येतं, हेही लक्षात राहू दे. फटाक्यांचंही तसंच. आपल्या देशात ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे. पण सुतळी बॉम्ब लावून पोर एका मीटरवर थबकलं, तर तोच आवाज आणखी १२ नं वाढतो. असा एकच धमाका कायमची इजा करू शकतो. तिथं मिनिटं मोजत बसण्यात अर्थ नाही.

आता वस्तू. बाजारात मुख्य दोन प्रकार मिळतात: कानावर कप बसणारे इअरमफ आणि कानात घालायचे इअरप्लग. लहान मुलांसाठी माझं मत ठाम आहे, इअरमफच घ्या. इअरप्लग एवढासा असतो, तोंडात गेला तर घशात अडकतो, म्हणून पाचेक वर्षांखालच्या पोराला तो नकोच. मोठ्या मुलालाही तो नीट बसवणं जिकिरीचं असतं. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता दारात टेकवलेला प्लग दिसतो छान, आवाज मात्र आत जातच राहतो. मफचा फायदा हा, की तो नीट बसलाय की नाही हे आईला लांबूनसुद्धा दिसतं.

किती डेसिबल अडवले जातात, त्याचा एसएनआर किंवा एनआरआर असा आकडा खोक्यावर असतो. एसएनआर युरोपची पद्धत, एनआरआर अमेरिकेची. एकाच मफचा एसएनआर बहुधा काही आकड्यांनी जास्त दिसतो, म्हणून दोन खोकी शेजारी ठेवून नुसते आकडे ताडू नका. हे आकडे प्रयोगशाळेत, जाणत्या माणसानं नीट बसवून घेतलेले असतात. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था नायोश असं सुचवत आलीय, की मफच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करा, फोमच्या प्लगमधून निम्मा, आणि बाकी प्लगमधून ७० टक्के. पोरं वळवळणारी, म्हणून मी मफलाही निम्माच धरते. खोक्यावर ३० असेल तर १५. आता मागच्या हिशेबाकडं या. १०० मधून १५ गेले, ८५ राहिले, म्हणजे आठवड्याला साडेसात मिनिटांऐवजी ४ तास. साधा मफसुद्धा एवढं काम करतो. आणि डॉल्बीला खेटून ११० असतील तर उरले ९५, म्हणजे २४ मिनिटं. मफ चढवला म्हणून स्पीकरपुढं नाचायला मोकळं सोडायचं नाही, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मफ उंच पट्टीचा आवाज चांगला अडवतो, पण खालच्या पट्टीचा दणका बराचसा आत सोडतो. ताशा, शिट्ट्या, कर्णे यांवर तो भारी. छातीत धडधडतो त्या बेसवर त्याचं तितकं चालत नाही. त्याला अंतर हाच इलाज.

मी केलेल्या दोन चुका

पहिला मफ मी फौंड्रीतले कामगार वापरतात तसला आणला, आकडा मोठा होता म्हणून. भाचीच्या डोक्यावर पट्टी सगळ्यात आखूड करूनही कप जबड्यापर्यंत उतरले. पाळीमागं माझी करंगळी आरामात आत जात होती. जिथं करंगळी जाते तिथं आवाज जातोच, मग खोक्यावर कितीही छापलेलं असो. दुसरा ऑनलाइन मागवला. गुलाबी, वर मांजराचे कान. खोक्यावर आकडा नाही, कपात स्पंज नाही. थंडीत कान ऊबदार ठेवायची वस्तू होती ती.

तिसऱ्या वेळी शहाणपणानं घेतलं. खोक्यावर मुलांचं वय किंवा लहान माप लिहिलेलं, ईएन ३५२-१ किंवा एएनएसआय एस३.१९ हे चाचणीचं मानक छापलेलं, आणि सोबत आकडा, एवढं पाहूनच पैसे दिले. सीई (युरोपात विकायच्या वस्तूंवरची खूण) एवढीच अक्षरं पुरेशी नाहीत. आणि मुलीला दुकानात सोबत नेलं. डोकं बघितल्याशिवाय मफ घेणं म्हणजे पाय बघितल्याशिवाय चप्पल घेणं.

कपाची गादी कानाभोवती सगळीकडून कातडीला चिकटली पाहिजे. मध्ये काहीही आलं की फट पडते, आणि बारीकशा फटीनंसुद्धा मफची बरीच ताकद जाते. आपल्या पोरांच्या बाबतीत ही यादी मोठी आहे: कुड्या, डूल, भिकबाळी, कानामागचा गजरा, वेणीचे पेड, चष्म्याची जाड काडी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फेटा किंवा जिरेटोप. फेट्याच्या कापडावरून चढवलेला मफ निव्वळ शोभेचा. फेटा बांधायचाच असेल तर पट्टी मानेमागून जाणारा मफ घ्या, आधी तो बसवा आणि मग फेटा कानाच्या वर राहील असा बांधा. अंबाड्यालाही मानेमागची पट्टीच बरी पडते.

घरी तपासायची एक युक्ती. मफ घालून मिक्सर लावायचा आणि पोराला म्हणायचं, दोन्ही कप हातानं हलकेच दाब. दाबल्यावर आवाज आणखी कमी झाला, तर कुठंतरी फट आहे. काहीच फरक पडला नाही, तर मफ नीट बसलाय.

सहा मिनिटांची गोष्ट

मला सगळ्यात धक्का बसला तो इथं. समजा १०० डेसिबलच्या मिरवणुकीत पोर तासभर आहे. चांगला मफ आहे, नीट बसलाय. मध्ये घाम आला, खाज आली, मैत्रिणीशी बोलायचं झालं, म्हणून सगळं मिळून सहाच मिनिटं काढला. मुलाचा आठवड्याचा वाटा साडेसात मिनिटांचा. त्यातला पाऊण हिश्शाहून जास्त त्या सहा मिनिटांतच संपला. ३० डेसिबल अडवणारा मफ दहा टक्के वेळ काढला, तर त्याचं एकूण रक्षण १० डेसिबलवर येतं. म्हणून ३० च्या जड मफपेक्षा २२ चा हलका मफ बरा, जो पोर कुरकुर न करता डोक्यावर ठेवील. पोराला जो सोसतो तोच चांगला मफ.

वैशाखात घाम येणारच. आमच्या घरी आता एकच नियम आहे: मफ काढायचा असेल तर आधी गल्ली बदलायची. आडव्या बोळात जायचं, मफ काढायचा, कान पुसायचे, पाणी प्यायचं, मफ चढवून परत यायचं. मोकळ्या गल्लीतली दहा मिनिटंही कानाला विसावा देतात. आणि मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा मफ चढवू नका. आठवडाभर आधी सरावात घालू दे. मफ घातलेल्या पोराला मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही, म्हणून हात सोडायचा नाही. थांब, चल, दुखतंय अशा हाताच्या दोन-चार खुणा आधी ठरवून घ्या.

कापसाचा बोळा घातला की झालं, हा समज अजून घरोघरी आहे. कापूस आवाज फार थोडा अडवतो. कानटोपीचं, ओढणीचंही तेच. वस्तू जवळ नसेल आणि एकदम दणका सुरू झाला तर कानाच्या दारापुढचा तो छोटा उंचवटा बोटानं आत दाबून धरा. कापसापेक्षा ते पुष्कळ बरं. गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बसमध्ये चांगले, पण धमाक्यापासून राखायला ते बनवलेले नाहीत.

ज्या पोराचा कान वाहतो किंवा पडद्याला भोक आहे, त्याच्या कानात काहीही घालायचं नाही. मफ चालेल, तोही डॉक्टरांना विचारून.

तान्ह्या बाळांसाठी मऊ रुंद पट्ट्यांचे मफ मिळतात. विमानासारख्या थोड्या वेळाच्या आवाजाला ते ठीक. पण बाळाचं डोकं मऊ असतं, पट्टीचा दाब तासन् तास नको आणि झोपेत तर नकोच. बाळाला मिरवणुकीत न नेणं हेच मला योग्य वाटतं. कुणाला राग आला तरी चालेल.

माग असलेल्या घरांसाठी वेगळं सांगते, कारण मी तिथंच वाढले. मागाच्या खोलीत झोळी बांधलेली मी पाहिलीय, माझी स्वतःचीसुद्धा. मागांचा आवाज ९० च्या वर जातो आणि तो तासन् तास चालतो. पोराला दिवसभर मफ घालून बसवणं हा त्यावर उपाय नव्हे. पोराला शब्द ऐकायचे असतात, आणि सतत कान झाकलेल्या मुलाला साधे आवाजही खुपायला लागतात. आवाजाला बिचकणाऱ्या स्वमग्न मुलांच्या बाबतीतही हे ध्यानात घ्यावं. गर्दीत मफ जरूर घाला, पण शांत घरात काढा. मागाच्या घरात झोळी आणि अभ्यासाचा पाट मागच्या खोलीत न्या, मधलं दार भरीव करा, खालची फट बुजवा. मफ बाबांनी घालायचा असतो, मागापाशी उभा असतो त्या माणसानं. आमच्या बाबांनी घातला नाही, कारण कुणी सांगितलंच नाही.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीही शिट्टी थांबली नाही, पोर टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं, हाक मारली तर "आं?" करायला लागलं, किंवा एका कानानं एकदम ऐकू येईना, तर वाट बघू नका. अचानक गेलेल्या ऐकण्यावर औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होण्याची आशा असते. जिल्हा रुग्णालयात कन्नड पाटीवर 'किवी, मूगु, गंटलु' दिसलं की तोच कान-नाक-घशाचा विभाग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते, त्यात ऐकण्याची अडचणही पाहतात. ती माणसं आली की पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका.

कायद्याचं थोडक्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जायला नको. मुलांसाठी ठरलेला आकडाही ७५ च आहे. मंडळातली पोरं आपलीच आहेत, त्यांना हे बसून सांगता येतं. आमच्या गल्लीत लहान पोरांचं पथक आता डॉल्बीच्या मागं न ठेवता सगळ्यात पुढं, अंतर सोडून चालवतात.

यंदा मिरवणुकीच्या दुपारी ताई भाचीचा अंबाडा घालत होती तेव्हा मी तिच्या कानातल्या कुड्या काढल्या आणि कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. फोटोपुरत्या घातल्या होत्या. मग मानेमागच्या पट्टीचा मफ बसवला, कडेनं बोट फिरवून पाहिलं, एक बट आत अडकली होती ती सोडवली.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय की. ताशा ऐकू येतोय, खरं भिंतीपलीकडं वाजल्यागत."

पथक शिकवणारे काका जवळ आले आणि म्हणाले, "याच्यात हिचा ठेका चुकणार की." तिनं लेझीम उचललं आणि तिथंच अंगणात त्यांना चार पावलं करून दाखवली.